दहा मिनिटांचा जॅझ: १९३०च्या दशकातले नाच-गाण्याचे विनोदी लघुपट कसे पाहावेत

१९३०च्या दशकात अमेरिकेत सिनेमाचं तिकीट काढलं की नुसता सिनेमा बघायला मिळायचा नाही. आधी बातमीपट, मग एखादं कार्टून आणि बऱ्याचदा दहा-वीस मिनिटांचा एक लघुपट. त्यात एक बँड, तीन-चार गाणी, एखाद-दुसरी नर्तकांची जोडी आणि हे सगळं एकत्र बांधायला बारकीशी विनोदी गोष्ट. मुख्य चित्रपटाचा गाजावाजा व्हायचा. हे लघुपट मात्र मुक्काम संपला की डब्यात परत जायचे.

त्या डब्यांची किंमत आज कळते. तबकडीवर ट्रम्पेट ऐकू येतो. पण तो वाजवणारा कसा उभा राहायचा, सोलो संपल्यावर शेजाऱ्याकडे बघून कसा हसायचा, हे तबकडीवर नाही. नाचाचं तर बहुतेक सगळंच इथे आहे, कारण तेव्हाच्या किती तरी टॅप नर्तकांची, म्हणजे बुटांनी फरशीवर ताल वाजवत नाचणाऱ्यांची, दुसरी कुठलीच हलती नोंद उरलेली नाही.

जॅझ फारसा ऐकलेला नाही, जुने कृष्णधवल अमेरिकन चित्रपट पाहिलेले नाहीत, अशांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं एवढंच, की हे लघुपट एकदा पाहून हाती लागत नाहीत. ते तीनदा पाहायचे आणि दर वेळी नजर वेगळ्या जागी ठेवायची. लांबी दहा मिनिटांची असल्यामुळे एका संध्याकाळीही हे सहज होतं.

सरावासाठी मी १९३२चा ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’ (Pie, Pie Blackbird) सुचवतो. यातला ‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजायचा इंग्रजी पदार्थ, आणि ‘ब्लॅकबर्ड’ म्हणजे काळा पक्षी. निर्मिती वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोनची, दिग्दर्शक रॉय मॅक, लांबी साधारण अकरा मिनिटं. पियानोवर यूबी ब्लेक आणि त्याचा ऑर्केस्ट्रा, गायला नीना मे मॅकिनी आणि नाचायला निकोलस बंधू. या दोन भावांचा हा पडद्यावरचा पहिलाच प्रवेश.

पहिली पायरी: प्रत नीट निवडा

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. नाव इंग्रजीत लिहून शोधा आणि सोबत साल टाका. एकाच नावाचे दोन-दोन चित्रपट असतात. गायक आणि बँडप्रमुख कॅब कॅलोवेचा ‘हाय-डी-हो’ हा १९३४चा लघुपट आहे, आणि त्याच नावाचा १९४७चा पूर्ण लांबीचा चित्रपटही आहे.

मग लांबी बघा. त्या काळी फिल्मचं एक रीळ हजार फुटांचं असे आणि बोलपट मिनिटाला नव्वद फूट या वेगाने धावे. म्हणजे एक रीळ साधारण अकरा मिनिटं, दोन रिळं वीस-बावीस. तुमच्यासमोरची प्रत तीन-चार मिनिटांची असेल तर तो कुणी तरी कापलेला तुकडा आहे. बहुतेकदा नुसता नाच ठेवलेला असतो आणि गोष्ट व बँड उडवलेले असतात. तुकडा बघायला हरकत नाही, पण पहिली भेट तुकड्याशी नको.

तिसरी तपासणी चौकटीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हे चित्रपट जवळजवळ चौरस चौकटीत चित्रित झालेले आहेत. आजच्या रुंद पडद्यावर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणं हेच बरोबर. पट्ट्या नकोत म्हणून काही जण चित्र ताणतात, मग सगळे बुटके आणि जाड दिसतात. काही जण वरून-खालून कापतात, आणि खालून कापलं की आधी पाय जातात. टॅप नर्तकाचे पाय नसलेली प्रत लगेच बंद करा. कृत्रिम रंग भरलेल्या प्रतीही टाळा. बुटांची चमक आणि लाकडी फरशीवरच्या सावल्या यांचा सगळा हिशोब करड्या छटांमध्ये केलेला असतो.

मिळतात कुठे? इंटरनेट आर्काइव्हवर बरेच आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही जुने चित्रपट खुले केले आहेत. वॉर्नरने व्हायटाफोनच्या लघुपटांचे डीव्हीडी संच काढले होते, त्यांची छपाई सहसा चांगली आहे.

दुसरी पायरी: सुरुवातीच्या पाट्या वाचा

चित्रपट सुरू होताच येणाऱ्या पाट्या ढकलून पुढे जाऊ नका. कंपनीचं नाव बघा. व्हायटाफोन म्हणजे वॉर्नर ब्रदर्स. ‘मेलडी मास्टर्स’ असं लिहिलेलं असेल तर ती त्यांची बँडवरची एका रिळाची मालिका. ‘ब्रॉडवे ब्रेव्हिटीज’ म्हणजे दोन रिळांची, म्हणून गोष्ट थोडी जास्त.

व्हायटाफोनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्या तंत्रामुळेच हे लघुपट जन्माला आले. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉर्नरने त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम केला. आवाज फिल्मवर नव्हता, वेगळ्या तबकडीवर होता. तबकडी सोळा इंच व्यासाची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, आणि सुई आतून बाहेर सरकणारी. एक बाजू एका रिळाला पुरायची. ऑपरेटरने फिल्मवरची खूण आणि तबकडीवरची खूण जुळवून दोन्ही एकदम सुरू करायची. तबकडी वीसेक वेळा वाजली की झिजली म्हणून बदलायची. १९३०-३१च्या सुमारास वॉर्नरनेही आवाज फिल्मवरच घ्यायला सुरुवात केली, नाव मात्र व्हायटाफोनच राहिलं.

या पद्धतीमुळे एक मोठं नुकसान झालं. फिल्म एका गावात आणि तबकडी दुसऱ्याच गावात, अशी कित्येक लघुपटांची ताटातूट झाली. फिल्म उरली तर ती मुकी, तबकडी उरली तर ती आंधळी. १९९१पासून व्हायटाफोन प्रोजेक्ट नावाचा हौशी संग्राहकांचा गट घरोघरच्या, तळघरांतल्या तबकड्या शोधून त्या फिल्मशी जुळवून देतो आहे. एखादा लघुपट पाहताना आवाज आणि चित्र यांत पुसटशी तफावत जाणवली, तर तो कसा वाचला असेल ते आठवा आणि थोडं सांभाळून घ्या.

व्हायटाफोनचे पुष्कळसे लघुपट हॉलिवूडमध्ये झाले नाहीत. स्टुडिओ होता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, फ्लॅटबुश भागात. कारण सरळ आहे. कलावंत रात्री ब्रॉडवेच्या नाट्यगृहांत किंवा हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या क्लबात काम करायचे, ते दिवसा चित्रीकरणाला येऊ शकत. म्हणून या लघुपटांत रंगमंचाचा, क्लबाचा ताजा वास आहे.

तिसरी पायरी: पहिलं पाहणं, न थांबता

पहिल्यांदा काही शोधू नका. सरळ बघा आणि हसू आलं तर हसा.

फक्त गोष्टीकडून फार अपेक्षा ठेवू नका. तमाशातली बतावणी जशी दोन गाण्यांमधली जागा भरते आणि स्वतःची गंमतही करून जाते, तेच काम इथे गोष्ट करते. ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’मध्ये नीना मे मॅकिनी स्वयंपाकघरात पाय बनवते आहे. ‘सिंग अ साँग ऑफ सिक्सपेन्स’ हे बालगीत शाळेत ऐकलं असेल, त्यात भाजलेल्या पायमधून पक्षी निघून गाऊ लागतात. इथे त्या अवाढव्य पायमधून अख्खा ऑर्केस्ट्रा निघतो, खानसाम्यांच्या पोशाखात. शेवटाकडे संगीत इतकं तापतं की सगळ्यांचे सांगाडे होतात आणि सांगाडेही नाचत राहतात. कल्पना वेडगळ आहे, आणि ती तशीच घ्यायची आहे.

इतर लघुपटांच्या गोष्टीही अशाच. १९३२च्या ‘स्मॅश युवर बॅगेज’मध्ये रेल्वे स्टेशनवरचे हमालच वादक आणि नर्तक आहेत. प्रत्यक्षात ते हार्लेमच्या स्मॉल्स पॅराडाइज या क्लबातले कलावंत. ‘हाय-डी-हो’मध्ये कॅब कॅलोवे रात्रीच्या गाडीत, झोपायच्या डब्यात, बँडची तालीम घेतो. डब्यातल्या पोर्टरला काळजी, की आपण फिरतीवर असताना बायको एकटी असते. कॅब त्याला सल्ला देतो: तिला रेडिओ घेऊन दे. पुढचं सांगत नाही.

चौथी पायरी: दुसरं पाहणं, कान बँडवर

आता गोष्ट माहीत आहे, तेव्हा नजर मागच्या रांगेकडे न्या. कोण कुठे बसलंय ते बघा. पुढे सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवाले, तेच वादक दोन्ही वाद्यं आलटून पालटून वाजवतात. मागे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. एका बाजूला पियानो, बँजो किंवा गिटार, ट्यूबा किंवा बास, आणि ड्रम.

यातून साल ओळखायचा चांगला आडाखा मिळतो. १९२०च्या दशकात बँजो आणि ट्यूबा यांचं राज्य होतं. १९३०नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांची जागा गिटार आणि उभ्या बासने घेतली, म्हणून ठेकाही हलका, सरळ धावणारा झाला. दोन लघुपट लागोपाठ पाहिलेत, एक १९२९चा आणि एक १९३५चा, तर फरक कानाला आपोआप कळेल.

ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन माणसासारखा बोलायला, गुरगुरायला लागला, तर वादकाचा डावा हात बघा. भोंग्यापुढे रबरी वाटीसारखं काही तरी हलताना दिसेल. ते खरोखरच तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पंपाचं रबर असतं, दांडा काढून टाकलेलं. पियानोवादक आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडने याची मोठी कला केली.

ताल मोजायला शिका, मजा दुप्पट होते. चार मात्रांचं आवर्तन समजा. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय असते, त्यामुळे हात पहिल्या मात्रेवर पडतो. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. सुरुवातीला हात ऐकत नाही. पायाने चारही मात्रा चालू ठेवा आणि हाताने फक्त दोन व चार धरा, थोड्याच वेळात बसतं.

मग गाण्याचा बांधा ओळखा. त्या काळातली बहुतेक गाणी बत्तीस आवर्तनांची: आठ आवर्तनांचा मुखडा, तोच पुन्हा, मग आठांचा वेगळा अंतरा, आणि परत मुखडा. मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत ही एक फेरी चाळीस सेकंदांच्या आत पुरी होते. गायिकेची फेरी संपली की त्याच बांध्यावर वादक स्वतःची फेरी घेतो, चाल सोडून, पण हिशोब न सोडता. अंतरा कधी येतो हे तुम्हाला कळू लागलं की सोलो नुसता वेगवान आवाज राहत नाही, त्यातले निर्णय ऐकू येतात. ब्लूज हा गाण्याचा प्रकार असेल तर बारा आवर्तनांची फेरी, चार-चारांचे तीन भाग. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरीत उत्तर.

वादक खरंच वाजवताहेत का, असा प्रश्न पडेलच. अगदी सुरुवातीच्या व्हायटाफोन लघुपटांत आवाज आणि चित्र एकाच वेळी घेत. कॅमेऱ्याचा खडखडाट येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंदिस्त खोलीत कोंडत, म्हणून चित्र जागच्या जागी खिळलेलं दिसतं. पुढे संगीत आधी मुद्रित करून त्यावर अभिनय करायची पद्धत रुळली, तसा कॅमेरा मोकळा झाला. टॅपचे आवाजही अनेकदा मागाहून स्टुडिओत वेगळे भरले जात. ड्रमवाल्याची काठी आणि आवाज जुळतो का ते बघितलंत की पद्धत ओळखू येते. मागाहून भरलेला आवाज म्हणजे फसवणूक मात्र नव्हे. तो बहुतेकदा त्याच माणसाच्या पायांचा असतो.

पाचवी पायरी: तिसरं पाहणं, फक्त नाच

या वेळी आवाज पूर्ण बंद करून नाचाचा भाग बघा, मग आवाज लावून तोच भाग पुन्हा.

‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’मध्ये हॅरॉल्ड निकोलस अकराएक वर्षांचा आहे. फेयार्ड त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. आई पियानोवादक, वडील ड्रमवादक, दोघं फिलाडेल्फियाच्या स्टँडर्ड थिएटरमध्ये वाजवायचे. पोरं तिथल्या खुर्च्यांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या नर्तकांना बघत शिकली. शिकवणी अशी नाहीच. त्याच १९३२ साली ती हार्लेमच्या प्रसिद्ध कॉटन क्लबात नाचू लागली.

आधी पायांकडे बघाल, साहजिक आहे. टॅपचा नर्तक हाही ताल-वादकच असतो. बँड मधेच थांबतो आणि चार-आठ मात्रा पूर्ण मोकळ्या सोडतो, तेव्हा पाय ड्रमचा सोलो वाजवत असतात. पण नंतर कमरेच्या वर बघा. फेयार्डचे हात बघा, किती सैल आणि किती नेमके. हॅरॉल्ड भावाकडे न बघता त्याच्याबरोबर कसा थांबतो ते बघा. अशा जागा मी कितीदाही बघू शकतो.

कॅमेरा कुठे आहे, हेही बघा. चांगला नाच डोक्यापासून बुटापर्यंत, सलग, मध्ये न कापता दाखवला जातो. चेहऱ्याचे आणि पायांचे वेगवेगळे तुकडे जोडले असतील तर नाच कुणी केला हेच कळेनासं होतं. या जुन्या लघुपटांत वेळ आणि पैसा कमी होता, म्हणून कॅमेरा दूर ठेवून सलग चित्रण करत, आणि नाचाच्या बाबतीत हे वरदान ठरलं. हेच दोन भाऊ १९४३च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून झेपा घेत, दोन्ही पाय फाकवून उतरतात. तो प्रसंग जगप्रसिद्ध आहे. पण अकरा वर्षांची सवय त्यामागे आहे, आणि तिची सुरुवात तुम्ही आत्ता बघता आहात.

सहावी पायरी: खुपणाऱ्या गोष्टींकडे डोळेझाक करू नका

या लघुपटांत विनोद पुष्कळदा कृष्णवर्णीयांना हिणवणारा असतो. आळशी नोकर, कोंबडी आणि कलिंगडं चोरणारी पात्रं, फासे खेळणारे पुरुष, अडाणी उच्चार. काही लघुपटांत गोरे नट तोंडाला काळं फासून येतात. ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’च्या नावातच ती थट्टा आहे, काळा पक्षी म्हणजे हे कृष्णवर्णीय कलावंत. आणि मॅकिनी? तीन वर्षांपूर्वी ती ‘हॅलेलुया’ या मोठ्या चित्रपटाची नायिका होती, तरी इथे तिला स्वयंपाकीणच व्हावं लागतं. ज्या कॉटन क्लबात हे कलावंत रात्री टाळ्या घेत, तिथे प्रेक्षक म्हणून फक्त गोऱ्यांना प्रवेश होता.

हे ठाऊक असेल तर कलावंतांची करामत आणखी स्पष्ट दिसते. गाणं सुरू झालं की संवादांनी लादलेलं सोंग गळून पडतं. त्या क्षणी मॅकिनीच्या चेहऱ्यावर, ब्लेकच्या बोटांत जो रुबाब येतो, तो लेखकाने लिहिलेला नाही. मुलांना दाखवणार असाल तर आधी स्वतः बघा आणि दाखवताना हे बोला. दृश्य पुढे ढकलून देण्यापेक्षा ते बरं.

१९४४च्या ‘जॅमिन’ द ब्लूज’ची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा विनोदी लघुपट नाही, पण दहा मिनिटांत इतकं सुंदर जॅझ चित्रण दुसरं मला माहीत नाही. त्यात बार्नी केसेल हा एकटा गोरा वादक. गोरा आणि काळे वादक एकत्र दिसू नयेत म्हणून त्याला सावलीत बसवलं आणि त्याच्या हातांना बेरीचा रस फासला.

पुढे काय बघाल

माझा क्रम असा. ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’नंतर ‘हाय-डी-हो’, कारण त्यात विनोद आणि बँड दोन्ही जोमात आहेत. मग १९२९चा ‘ब्लॅक अँड टॅन’, ड्यूक एलिंग्टनचा पहिला चित्रपट. एकोणीस मिनिटांचा. सुरुवातीला पियानो जप्त करायला आलेले दोघं दारूच्या लालचीने परत जातात, तो भाग विनोदी. शेवट अतिशय करुण. त्यानंतर १९३५चा ‘सिंफनी इन ब्लॅक’, ज्यात कोवळ्या वयातली गायिका बिली हॉलिडे एक ब्लूज गाते. हा आणि ‘हाय-डी-हो’ दोन्ही पॅरामाउंटच्या फ्रेड वॉलरचे. प्रकाश आणि सावली यांच्याशी तो जे खेळतो ते बघण्यासारखं आहे. याच वॉलरने पुढे सिनेरामाचा प्रचंड वक्र पडदा शोधून काढला.

१९४०नंतरचे ‘साउंडीज’ भेटतील. हे तीनेक मिनिटांचे, पॅनोरॅम नावाच्या यंत्रात दहा सेंटचं नाणं टाकून बघायचे. यंत्रात आरसे होते, म्हणून फिल्म उलटी छापत. आज काही प्रती तशाच उलट्या फिरतात. गिटारवाला समोर तोंड करून असेल तर गिटारची दांडी तुमच्या उजवीकडे हवी. बँडमधले सगळेच डावखुरे दिसले तर प्रत उलटी आहे.

आणि मग मुंबईकडे या, कारण हा धागा खरोखरच इथवर पोचतो. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्डसारखे आले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले वादक त्यांना ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत तयार झाले. हल्दोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला शिक चॉकलेट, त्यांतला एक. सी. रामचंद्रांच्या संगीतात त्याचा मोठा हात होता, आणि १९५१च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. वरच्या पायऱ्या जशाच्या तशा लावून ‘अलबेला’ची गाणी पुन्हा बघा. आधी सरळ, मग कान ट्रम्पेटवर ठेवून, मग आवाज बंद करून भगवानदादांचे खांदे आणि पाय.